नाशिक की संभाजीनगर? प्लॉटचा भाव विचारण्याआधी नळ आणि कंपनीचं गेट बघा

उसाचं पेमेंट खात्यावर आलं, कांद्याचे चार पैसे झाले, की आपल्या भागातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. पोराला शहरात काहीतरी करून ठेवायचं. संगमनेरचा माणूस फारसा विचार न करता सिन्नर-नाशिककडे वळतो. नेवाशाचा माणूस वाळूजकडे बघतो. खरी पंचाईत होते ती मधल्या पट्ट्याची, म्हणजे कोपरगाव, राहाता आणि शेजारच्या वैजापूर-येवल्याची. कोपरगावातून नाशिक काय आणि संभाजीनगर काय, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. पुण्याचं नाव काढलं तर घरभाड्याचा आकडा ऐकूनच माणूस गार पडतो, म्हणून उरतात ही दोनच.

माझ्या माहितीतल्या कोपरगाव तालुक्यातल्या एका घरात सध्या हाच वाद चालू आहे. थोरला मुलगा सातपूरला कामाला, धाकटा वाळूजला. वडील म्हणतात, वीस गुंठे विकून एकाच शहरात प्लॉट घेऊ, दोघं भाऊ शेजारी राहा. थोरला नाशिक सोडायला तयार नाही, धाकटा म्हणतो पुढची वीस वर्षं संभाजीनगरचीच. अशी घरं प्रत्येक गावात चार-दोन सापडतील. वाद गेले तीन महिने प्लॉटच्या भावावर अडकलाय, आणि माझ्या मते तिथेच चुकतंय.

वाढीच्या बाबतीत दोन्ही शहरं तोडीस तोड आहेत. २००१ च्या जनगणनेत नाशिक १०.७७ लाखांचं होतं, २०११ ला १४.८६ लाखांचं झालं. संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, याच काळात ८.७३ लाखांवरून ११.७५ लाखांवर गेलं. त्यानंतरची जनगणना रखडली. पण वाळूजच्या किंवा अंबडच्या बाजूला संध्याकाळी शिफ्ट सुटताना एकदा उभं राहिलात तर आकडा किती फुगलाय ते कळेल. तेव्हा कोणतं शहर वाढतंय हा प्रश्नच नाही. वाढलेल्या माणसांना पाणी, रस्ता आणि कायमची नोकरी कोण देतंय, हे बघायचं.

पाण्यापासून सुरुवात करू. इथे एक गंमत आहे. दोन्ही शहरं एकाच गोदावरीचं पाणी पितात. नाशिकला मुख्यतः गंगापूर धरण, त्याची साठवण साधारण साडेपाच टीएमसी. संभाजीनगरला पैठणचं जायकवाडी, ज्याचा नुसता उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या पुढे. धरण कितीतरी पटीनं मोठं, तरी नाशकातल्या बहुतेक जुन्या भागात नळ रोज येतो आणि संभाजीनगरात लोक वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट बघत बसले. कारण काय, तर पाणी धरणात असून भागत नाही. पैठणपासून शहरापर्यंत ते चढावर पंपानं उचलून आणावं लागतं. पाइपलाइन जुनी, कधी फुटते, कधी वीज जाते, आणि शहर पाइपलाइनच्या कितीतरी पुढे पळालेलं.

त्यावर उपाय म्हणून नवी योजना आली. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं. १,६८० कोटींची योजना पुढे २,७४० कोटींवर गेली आणि मुदत अनेकदा पुढे ढकलली गेली. योजना पूर्ण क्षमतेनं चालली तर या शहराची सगळ्यात मोठी तक्रार मिटेल, यात शंका नाही. पण योजना महापालिकेची आहे. वाळूजला नोकरी करणारी आपली पोरं राहतात कुठे? बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर. हे भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणून शहराला पाणी आलं म्हणजे आपल्या खोलीच्या नळाला आलं, असं धरून चालू नका. कुठे एमआयडीसीचं पाणी, कुठे ग्रामपंचायतीचं, कुठे सरळ टँकर. गल्ली बदलली की पाणी देणारा बदलतो.

वर ज्या धाकट्याबद्दल लिहिलं, त्याची बायको शिवणकाम करते. पाण्याच्या दिवशी ती कामच धरत नाही, कारण नळ पहाटे येईल की दुपारी, याचा भरवसा नसतो. महिन्यातले चार-पाच दिवस असे जातात. ही मजुरी प्लॉटच्या भावात कुणी मोजत नाही.

नाशिकही काही स्वर्ग नाही. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगावच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्यात, तिथे कमी दाबाच्या तक्रारी असतात आणि उन्हाळ्यात टँकरही दिसतात. फरक एवढाच की नाशकात असा भाग टाळून घर घेता येतं.

आणि या पाण्याला आपल्याकडून एक दुसरी बाजूही आहे, ती विसरू नका. जायकवाडी कमी भरलं की २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याचा आधार घेऊन वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचा आदेश निघतो. २०२३ ला साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा आपल्याच आवर्तनाचं काय, म्हणून कोपरगावपासून राहुरीपर्यंत ओरड झाली होती. आता बाप इकडे गोदावरी कालव्याच्या आवर्तनासाठी आंदोलनात आणि पोरगा तिकडे त्याच पाण्याची नळाखाली वाट बघतोय, असंही घर होऊ शकतं. हसण्यावारी नेऊ नका, दुष्काळी वर्षात हे खरंच होतं.

आता नोकरी. नाशकात सातपूर आणि अंबड या एमआयडीसी शहरातच आहेत. सिडकोत खोली घेतली तर सायकलवरही कामाला जाता येतं. शिवाय ओझरला विमानाचा कारखाना, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेस, पण तिथली भरती मोजकीच. नव्या जागेसाठी कारखाने आता सिन्नर, दिंडोरीकडे सरकतात. संगमनेरकरांना सिन्नर घरून जाऊन-येऊन करण्यासारखं आहे, त्यांनी नाशकात घर कशाला घ्यावं, हाच प्रश्न आहे.

संभाजीनगरचं चित्र मोठं दिसतं. वाळूजला बजाज १९८५ पासून आहे आणि तिच्या भोवती सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने वाढले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी दहा हजार एकरांवर आखलेली आहे. टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. एवढी जागा आणि एवढी नावं सध्या नाशिककडे नाहीत, हे मान्य करावं लागेल. दहा वर्षांचा विचार केला तर धाकट्याच्या म्हणण्यात दम आहे.

पण सामंजस्य करार म्हणजे भरतीची जाहिरात नव्हे. जमीन, बांधकाम, मशिनरी, मग ट्रायल, यात वर्षं जातात. आज व्हॉट्सअ‍ॅपवर बिडकीनजवळच्या प्लॉटचे रंगीत फोटो फिरतात, खाली त्या कंपन्यांची नावं टाकलेली असतात. कंपनीचं गेट उघडायच्या आधी प्लॉटवाल्याचं दुकान उघडतं. शिवाय दोन्ही शहरांत नवीन पोरगा लागतो तो बहुतेक ठेकेदाराकडूनच. आणि दोन्हीकडचा मोठा धंदा गाड्यांच्या बाजारावर आहे. गाड्यांचा खप बसला की सातपूरलाही शिफ्ट कमी होते आणि वाळूजलाही. ठेक्यावरच्या नोकरीच्या भरवशावर वीस वर्षांचा हप्ता घेणं म्हणजे पाऊस धरून कांद्याचं कर्ज काढण्यासारखं आहे.

संभाजीनगरात अंतराचा हिशोबही वेगळा लागतो. वाळूज पश्चिमेला, शेंद्रा पूर्वेला, दोन्हींत तीसेक किलोमीटर. आज वाळूजजवळ घर घेतलं आणि उद्या काम शेंद्र्याला लागलं, तर रोजचे साठ किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देते, पेट्रोल शंभरच्या वर, महिन्याचे सव्वीस दिवस. सव्वातीन हजार नुसते पेट्रोलमध्ये गेले. कायम कामगाराला कंपनीची बस असते, ठेकेदाराच्या पोराला असेलच असं नाही.

गावाकडे येण्याचं म्हणाल तर समृद्धी महामार्गानं कोपरगाव ते संभाजीनगर चारचाकीवाल्याला फारच जवळ केलं. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, आणि आपल्यातले बहुतेक दुचाकीवरच. रेल्वेनं जायचं तर मनमाडला गाडी बदलण्याची तयारी ठेवा. नाशिक-पुणे रेल्वेची वाट बघणाऱ्यांनी अजून बघावी. खोडदच्या दुर्बीण प्रकल्पामुळे मार्ग बदलला, आता संगमनेरहून की शिर्डीहून यावरच भांडण आहे.

घरात म्हातारं माणूस असेल, तर एका गोष्टीत संभाजीनगर उजवं आहे. घाटी रुग्णालय. १९५६ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज, सोबत सरकारी कर्करोग रुग्णालय. आपल्या जिल्ह्यातूनही तिथे रोज पेशंट जातात. आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय नाशकात, पण घाटीसारखं जुनं, मोठं सरकारी हॉस्पिटल मात्र नाशकात नाही. मोठ्या ऑपरेशनला तिकडे खासगीचा रस्ता धरावा लागतो. मुलांच्या शिक्षणाला दोन्हीकडे कमी नाही.

राहिला प्लॉट. संभाजीनगरात गुंठेवारीच्या वसाहती ढिगानं आहेत. शंभरच्या बॉन्डवर प्लॉट घेतलेले कितीतरी लोक आजही नियमित करून घेण्यासाठी चकरा मारतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, २०२१ ला सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. त्यानंतर कुणी बॉन्डवर विकत असेल आणि 'होईल नियमित' म्हणत असेल, तर उठून या. २०२५ मध्ये महापालिकेनं रस्ते रुंद करायला काढले, तेव्हा किती दुकानं-घरं पडली ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. नाशकात २०२७ च्या कुंभमेळ्यामुळे रस्त्यांची कामं निघालीत आणि त्याच नावावर जमिनीचे भावही सांगितले जातात. मेळा संपल्यावरचा भाव काय, तो विचारा. कुठेही घ्या, सातबारा, एनएचा आदेश, मंजूर लेआउट आणि महारेराचा नंबर हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. बँक कर्ज द्यायला का कू करत असेल, तर बँकेला काहीतरी दिसलंय समजा.

मला विचाराल तर आज हाती कायम नोकरी आणि घरात लहान मुलं असतील, तर नाशिक. वय पंचवीसच्या आत, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला आणि शिफ्ट बदलली तरी चालते, असा पोरगा असेल तर संभाजीनगर, पण भाड्यानं. वीस गुंठे विकायची घाई दोन्हीकडे नको. शेत एकदा गेलं की त्याच भावात परत मिळत नाही, आणि प्लॉट मात्र पुढच्या वर्षीही दाखवायला माणूस येतोच.

त्या घरातल्या वडिलांना मी एवढंच सांगितलं की प्लॉट बघायला दिवाळीत जाऊ नका, तेव्हा सगळीकडे पाणी असतं. मे महिन्यात जा, एजंटला न सांगता जा आणि सकाळी सातला त्या गल्लीत उभे राहा. दारांसमोर निळे ड्रम किती लागलेत ते मोजा, टँकरवाल्याला भाव विचारा, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा की मागच्या वर्षी इथून किती जण खोल्या सोडून गेले.