घरचा पहारेकरी कोठें उभा करावा ?

हल्लीं नव्या घराला रंग लागण्यापूर्वींच कॅमेऱ्यांचा विचार सुरू होतो. दुकानदार चार कॅमेऱ्यांचा संच दाखवितो, घरधनी किंमत विचारतो, कारागीर शिडी घेऊन येतो आणि जेथें खिळा सहज ठोकतां येईल तेथें तीं यंत्रें टांगून निघून जातो. पुढें एखादे दिवशीं चोरी होते. मग सर्व कुटुंब पडद्याभोंवतीं जमतें, तों चित्रांत दिसतें काय, तर एक टोपी, दोन खांदे आणि एक पाठमोरी आकृति! ह्यांत दोष बहुधा यंत्राचा नसतो. तें कोठें लावावें ह्याचा विचार कोणींच केलेला नसतो. आणि हा विचार केवळ भिंतीचा व उंचीचा नाहीं. घरांतील माणसांनीं एकमेकांकडे कोणत्या नजरेनें पाहावें, हा प्रश्नही त्यांत गुंतलेला आहे. म्हणूनच पालक व विद्यार्थी ह्या दोघांपुढेंही तो मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घराच्या रक्षणासाठीं कॅमेऱ्याची योजना प्रथम करण्याचा मान जिला दिला जातो, ती कोणी नामांकित शास्त्रज्ञ नव्हती. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागांत राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही एक परिचारिका होती. कामाच्या वेळा अवेळीं, घरीं पुष्कळदां एकटी, आणि बोलाविल्यास पोलीस लौकर येतील ह्याची खात्री नाहीं, अशा स्थितींत तिनें आपला पति आल्बर्ट ह्याच्या साहाय्यानें एक युक्ति काढली. १९६६ सालीं त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला व १९६९ सालीं तें त्यांस मिळालें. दाराला एकाखालीं एक अशीं चार भोंकें आणि आंतल्या बाजूस वरखालीं सरकणारा कॅमेरा. उंच माणूस आला तर वरच्या भोंकांतून, मूल आलें तर खालच्या भोंकांतून त्याचा चेहरा दिसावा. चित्र आंतल्या खोलींतील पडद्यावर येई, आणि दार दुरूनच उघडण्याचीही सोय होती.

तिचा कॅमेरा दाराशीं होता, चेहऱ्याच्या उंचीवर होता आणि त्याचें तोंड बाहेर होतें. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी ह्याहून चांगला धडा आम्हांस कोठें आढळला नाहीं. आपल्याकडील जुन्या वाड्यांतही पहारेकरी देवडीवर बसे, माजघरांत नव्हे. आणि दिंडी एवढी ठेंगणी असे कीं येणाऱ्याला वाकून, एकएकट्यानेंच आंत यावें लागे.

आतां थोडें गणित. विद्यार्थ्यांनीं तें कागदावर करून पाहावें. सामान्यतः विकला जाणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्राच्या रुंदींत १९२० ठिपके मांडतो. अनोळखी माणसाची ओळख पटावयाची तर, युरोपीय मानकाप्रमाणें, दृश्याच्या दर मीटर रुंदीस २५० ठिपके पडले पाहिजेत. माणूस माहितींतलाच असेल तर १२५ पुरतात. कोणी तरी आहे एवढेंच कळावयास २५ पुरे होतात. १९२० ला २५० नें भागिलें म्हणजे साडेसात मीटरांहून किंचित् अधिक, सुमारें २५ फूट, एवढी रुंदी येते. शंभर फुटांचें अंगण ज्या चित्रांत एकदम मावतें, त्यांत कोणी आला हें कळेल, कोण आला तें कळणार नाहीं. भिंगाचेंही तसेंच. दारापासून हातभर अंतरावर उभ्या राहणाऱ्यासाठीं २.८ मिलिमीटरचें रुंद दृश्याचें भिंग ठीक. परंतु वीस-पंचवीस फुटांवरील फाटकासाठीं ६ मिलिमीटरचें घ्यावें, म्हणजे दृश्य अरुंद पण चेहरा मोठा येतो. दुकानांत रुंद दृश्याचीच वाहवा होते, कारण मोठ्या पडद्यावर तें भव्य दिसतें. त्या भव्यतेस भुलूं नये.

चोराचा हात पोंचूं नये म्हणून कॅमेरा बारा-पंधरा फुटांवर टांगण्याची चाल आहे. तेथून माणसाच्या डोक्याचा माथा तेवढा उत्तम दिसतो! आठ-नऊ फूट उंची पुरेशी आहे, आणि घंटीजवळचा कॅमेरा तर चार-साडेचार फुटांवरच असावा. काळोख्या जिन्यांतून उजेडाच्या दाराकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यास येणारा माणूस केवळ काळी सावली दिसतो; तेथें कॅमेऱ्याची दिशा बदलावी, तें शक्य नसल्यास उजेड व अंधार एकत्र सांभाळणारा, बाजारांत 'डब्ल्यू. डी. आर.' म्हणून ओळखला जाणारा प्रकार घ्यावा. रात्रीं हीं यंत्रें अदृश्य अवरक्त किरण सोडून पाहतात. ते किरण जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा खिडकीच्या कांचेवरून उलटून आले कीं चित्र धुक्यासारखें होतें. म्हणून कांचेमागून बाहेर पाहणारा कॅमेरा दिवसां शहाणा व रात्रीं आंधळा. कोळ्यांनाही ती जागा फार आवडते, तेव्हां महिन्यांतून एकदां जाळीं झाडावीं. कोंकणांतील पावसांत 'आय. पी. ६६' ह्या दर्जाहून कमी कांहीं टिकेल अशी आशा करूं नये.

चित्रण सांठविण्याचा हिशेब मात्र फार थोडे लोक करितात. दर सेकंदास दोन मेगाबिट ह्या प्रमाणानें एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा घेतो. चार कॅमेरे व एक टेराबाइटची तबकडी असल्यास साडेअकरा दिवसांत ती भरते आणि जुनें चित्रण पुसलें जाऊं लागतें. मे महिन्यांत तीन आठवडे गांवीं जाणाऱ्या कुटुंबानें हें आधींच पाहावें. रेकॉर्डर दूरदर्शन संचाखालीं उघडा ठेवणें म्हणजे साक्षीदारालाच चोराच्या स्वाधीन करणें होय. तो कुलपांत, पण हवा लागेल असा ठेवावा, आणि त्याला व राउटरला बॅटरीचा आधार द्यावा. वीज नेमकी कोणत्या वेळीं जाते तें वाचकांस सांगावयास नको.

दुसरा धोका भिंतीवरून नव्हे, तारेवरून येतो. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या उपद्रवी संगणक-आज्ञावलीनें जगभरचे लाखों कॅमेरे व तत्सम उपकरणें आपल्या ताब्यांत घेतलीं. कारण कारखान्यांतून आलेला सांकेतिक शब्द त्यांच्या मालकांनीं बदललाच नव्हता. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला इंटरनेटच्या एका महत्त्वाच्या अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. म्हणून पहिलें काम सांकेतिक शब्द बदलण्याचें. भारत सरकारनेंही कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेच्या चाचणीचा नियम २०२४ सालीं केला व तो एप्रिल २०२५ पासून लागू झाला. विकत घेतांना त्या प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी.

इतकें करूनही अपेक्षा बेताचीच ठेवावी. सार्वजनिक जागीं लावलेल्या कॅमेऱ्यांविषयीं चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गुन्ह्यांत सुमारें १३ टक्के घट आढळली, ती वाहनतळांत विशेष, हिंसक गुन्ह्यांत मात्र म्हणण्यासारखी नाहीं. तेव्हां ज्याच्या दाराची कडी खिळखिळी आहे त्यानें आधीं सुताराला बोलवावें.

आतां मुख्य गोष्ट. कित्येक घरीं कॅमेरा दिवाणखान्यांत, स्वयंपाकघरांत, इतकेंच नव्हे तर मुलांच्या अभ्यासाच्या मेजासमोर लावलेला असतो. आमच्या मतें हें सर्वथा अयोग्य आहे. पालक म्हणतात, "आम्ही दोघेंही कचेरींत असतों, मुलगा वाचतो कीं खेळतो हें कळावयास नको काय?" काळजी खरी आहे, उपाय खोटा आहे. ज्या मुलावर भिंतीवरून डोळा रोंखलेला असतो तें पुस्तक उघडून बसावयास शिकतें, वाचावयास नव्हे. शिवाय संध्याकाळीं आईला "आज कांहीं वाचलें नाहीं" असें आपण होऊन सांगण्याची संधिच त्याला उरत नाहीं, कारण आईला तें दुपारींच दिसलेलें असतें. घरकाम करणाऱ्या बाईंसही न सांगतां चित्रांत धरणें हें आम्हांला चोरीच्या जातीचेंच वाटतें. अंथरुणाला खिळलेले आजोबा किंवा पाळण्यांतील मूल ह्यांची गोष्ट निराळी. पण आजोबांचीसुद्धां आधीं परवानगी विचारावी.

न्यायालयांचें मतही ह्याच दिशेचें आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २०१७ सालीं एकमतानें सांगितलें. एकाच घरांत राहणाऱ्या दोन भावांपैकीं एकानें दुसऱ्याच्या संमतीवांचून राहत्या भागांत कॅमेरे लावले, तेव्हां कलकत्ता उच्च न्यायालयानें २०२५ सालीं तो ह्या हक्काचा भंग ठरविला; सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं त्यांत हात घालण्याचें नाकारिलें. रस्ताही टिपणारा घरगुती कॅमेरा ही केवळ घरगुती बाब राहत नाहीं, असें युरोपीय न्यायालय २०१४ सालींच म्हणालें होतें.

येत्या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं एवढें करून पाहावें. सायंकाळीं सात वाजतां एकानें दाराबाहेर उभें राहावें व दुसऱ्यानें पडद्यावर त्याचा चेहरा ओळखूं येतो कीं नाहीं तें पाहावें. त्याच चित्रांत समोरच्यांची खिडकी किंवा त्यांचें उघडें दार येत असेल तर कॅमेरा थोडा वळवावा. वळवितां येत नसेल तर चित्राचा तेवढा भाग काळा करून टाकण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. मग समोरच्या काकूंना घरीं बोलावून तो पडदा दाखवावा.