प्रोस्टेट कॅन्सर : ॲस्पिरिनने खरेच आयुष्य वाढते का?

प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांपैकी ॲस्पिरिन घेणारे जास्त जगतात, असे काही अभ्यासांत दिसले. पण त्याचे श्रेय लगेच गोळीला देता येत नाही. पोट, किडनी ठणठणीत असलेल्यांनाच डॉक्टर सूज कमी करणारी औषधे दीर्घकाळ देतात. म्हणजे हे रुग्ण मुळातच सुदृढ असू शकतात.

खरा कस लागतो तो रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचणीत. ब्रिटनच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत हार्मोन उपचारांसोबत याच वर्गातील सेलेकॉक्सिब दिले गेले. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. ॲस्पिरिनसाठी २०१५ मध्ये ‘ॲड-ॲस्पिरिन’ चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा मेमोरियलही त्यात आहे.

त्यामुळे मेडिकलमधून गोळ्या आणून स्वतःच उपचार सुरू करू नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनही परस्पर बंद करू नका. दोन्ही निर्णय डॉक्टरांचेच.