लता मंगेशकर ८४ व्या, सेलिन डिऑन यादीतच नाही: 'सर्वात प्रभावशाली' संगीतकार नेमकं ठरवतं कोण?

जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातले काही चाहते थेट न्यूयॉर्कला पोहोचले आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ऑफिसबाहेर फलक घेऊन उभे राहिले. मासिकाने २०० सर्वश्रेष्ठ गायकांची यादी काढली होती आणि त्यात सेलिन डिऑनचं नाव नव्हतं.

याच यादीवरून भारतातही सोशल मीडियावर वाद रंगला. लता मंगेशकर ८४ व्या क्रमांकावर होत्या, नुसरत फतेह अली खान ९१ व्या. लतादीदींना जाऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. यादीत नाव आलं म्हणून काहींना अभिमान वाटला. काहींनी विचारलं, त्यांच्या वर ८३ जण कोण?

अशा याद्या दरवर्षी येतात आणि दरवर्षी भांडणं होतात. पण हा प्रश्न फक्त चाहत्यांच्या हट्टाचा नाही. कोणाचं नाव लक्षात राहतं, कोणाला सन्मान मिळतो आणि पैसे कोणाच्या खिशात जातात, हेही त्यातून ठरतं.

मत देणारे बदलले की क्रमांक बदलतो

'रोलिंग स्टोन'ने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची यादी काढली. तेव्हा पहिला क्रमांक बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ला मिळाला. २०२० मध्ये मासिकाने नव्याने मतं मागवली. ३०० हून जास्त जणांनी मत दिलं आणि त्यात बियॉन्से, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश यांच्यासारखे आजचे कलाकारही होते.

निकाल काय लागला? मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहाव्या क्रमांकावरून पहिला आला. जोनी मिचेलचा 'ब्लू' ३० व्या क्रमांकावरून तिसऱ्यावर गेला. 'सार्जंट पेपर्स' २४ व्या क्रमांकावर घसरला.

आता गंमत बघा. 'सार्जंट पेपर्स' १९६७ चा, तर 'ब्लू' आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन' दोन्ही १९७१ चे. त्यांच्यातला एक सूरही मधल्या १७ वर्षांत बदलला नव्हता. बदलले होते ते ऐकणारे आणि मत देणारे.

२०२३ ची गायकांची यादी तर मासिकाच्या संपादकीय टीमने आणि नेहमीच्या लेखकांनीच तयार केली होती. निकषांमध्ये आवाजापेक्षा वेगळेपण, प्रभाव आणि गाण्यांचा साठा यांना महत्त्व होतं. पण प्रभाव कोणावर? ज्यांनी लहानपणापासून अरिथा फ्रँकलिन ऐकली, त्यांना ती पहिली वाटणं साहजिक आहे. लतादीदींसारखं गाण्याचा प्रयत्न करणाऱ्या पार्श्वगायिकांच्या पिढ्या त्यांच्या कानावरून गेलेल्याच नाहीत. त्यामुळे ८४ या आकड्यातून लतादीदींचा प्रभाव कमी कळतो आणि यादी करणाऱ्यांनी काय ऐकलं होतं, हेच जास्त कळतं.

सात दिग्गज, सातही गोरे पुरुष

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा मुद्दा आणखी पेटला. 'रोलिंग स्टोन'चे सहसंस्थापक यान वेनर यांचं 'द मास्टर्स' हे पुस्तक येणार होतं. त्यात बॉब डिलन, मिक जॅगर, जॉन लेनन यांच्यासह सात जणांच्या मुलाखती होत्या. सातही गोरे पुरुष.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने याबद्दल विचारलं तेव्हा वेनर यांचं उत्तर असं होतं की, स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलाकार त्या बौद्धिक पातळीवर बोलू शकत नव्हते. दुसऱ्याच दिवशी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या संचालक मंडळातून त्यांची हकालपट्टी झाली. त्यांनी माफीही मागितली.

वेनर यांनी मासिकाची मालकी तोवर विकलेली होती. पण ते साधे वाचक नव्हते. १९६७ मध्ये सुरू झालेलं हे मासिक आणि नंतरचं हॉल ऑफ फेम, दोन्ही उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे रॉक संगीतात 'महान' कोण, हे ज्या दोन ठिकाणी ठरत आलं, तिथे अनेक दशकं त्यांचा शब्द चालत होता.

हॉल ऑफ फेमने १९८६ मध्ये पहिल्यांदा दहा कलाकारांची निवड केली, त्यात एकही स्त्री नव्हती. अरिथा फ्रँकलिन १९८७ मध्ये तिथे पोहोचलेली पहिली स्त्री ठरली.

लोकप्रियता वेगळी, प्रभाव वेगळा

वादात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. रेकॉर्ड किती विकल्या, व्ह्यूज किती, हा लोकप्रियतेचा हिशोब झाला. ऐकल्यावर दुसऱ्या संगीतकारांनी आपलं काम बदललं का, हा प्रभावाचा.

सिस्टर रोझेटा थार्प हे उदाहरण घ्या. चर्चमधली भक्तिगीतं गाणारी ही कृष्णवर्णीय गायिका १९४० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार जोरात वाजवत होती. 'रॉक अँड रोल' हे नाव घरोघरी पोहोचायच्या आधीची ही गोष्ट. लिटल रिचर्ड मुलगा असताना तिनेच त्याला स्वतःच्या कार्यक्रमात स्टेजवर गायला बोलावलं. थार्प १९७३ मध्ये वारली. हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली २०१८ मध्ये.

'हाउंड डॉग' म्हटलं की एल्विस प्रेस्ली आठवतो. त्याने ते गाणं १९५६ मध्ये गायलं. पण बिग मामा थॉर्नटनने ते १९५२ मध्येच रेकॉर्ड केलं होतं आणि १९५३ मध्ये ते गाजलंही होतं. हॉल ऑफ फेमने तिची दखल घेतली २०२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी.

क्राफ्टवर्क हा जर्मन बँड आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. पण त्यांच्या यंत्रासारख्या सुरावटी आणि ठेक्यावरून न्यूयॉर्कमध्ये १९८२ मध्ये 'प्लॅनेट रॉक' तयार झालं आणि हिप-हॉपला नवं वळण मिळालं.

प्रभावाचे पैसे कोणाला?

क्लाइड स्टबलफील्ड हा जेम्स ब्राउनचा ड्रमर. १९७० च्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात त्याने काही सेकंद एकट्याने ठेका धरला. पुढे हिप-हॉप कलाकारांनी तोच तुकडा शेकडो गाण्यांत वापरला. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या ठेक्यांमध्ये त्याचा नंबर फार वरचा आहे.

पण गाण्याचा निर्माता म्हणून कागदावर नाव जेम्स ब्राउनचं होतं. ड्रम वाजवणारा हा पगारी वादक. त्यामुळे त्या तुकड्याच्या वापरातून स्टबलफील्डला रॉयल्टीचा हक्क मिळाला नाही. तो २०१७ मध्ये गेला.

कायदा चाल आणि शब्द रचणाऱ्याला निर्माता मानतो. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात अनेकदा ठेका बसतो, वाद्यांचा मेळ बसतो. ते करणारे यादीतही नसतात आणि हिशोबातही.

आपल्याकडेही हेच घडलं

हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात चाल संगीतकाराची असायची. पण ती मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नोटेशनमध्ये लिहून काढायचं, व्हायोलिन कुठे आणि ट्रम्पेट कुठे हे ठरवायचं काम अरेंजर करायचे. त्यात गोव्याचे संगीतकार आघाडीवर होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये त्यांनी पाश्चात्त्य नोटेशन लहानपणीच शिकलेलं असायचं.

सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केलं. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ सी. रामचंद्र यांच्याबरोबर होते. 'अलबेला'मधला त्या काळी नवा वाटणारा स्विंगचा बाज आठवा.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गुरूचं नाव थेट गाण्यात घातलं. अमिताभ बच्चन यांच्यामुळे ते नाव देशभर पोहोचलं. पण या नावाचा खरा माणूस आहे, हे किती जणांना माहीत होतं?

मग वाद घालायचाच नाही का?

जरूर घालायचा. थार्प आणि थॉर्नटन यांची नावं मागे पडली नाहीत, कारण अभ्यासक आणि चाहते त्यांच्यासाठी भांडत राहिले. पुढच्या वेळी अशी यादी व्हायरल झाली, तर कमेंट करण्याआधी तीन गोष्टी तपासता येतील.

१. मत कोणी दिलं? किती जणांनी, कोणत्या देशातल्या, कोणत्या वयाच्या?

२. हा कलाकार नसता, तर नंतरच्या कोणाचं काम वेगळं झालं असतं? दोन-तीन नावं सांगता आली, तर तो प्रभाव. फक्त आकडे सांगता आले, तर लोकप्रियता.

३. त्या गाण्यात आणखी कोण वाजवत होतं, ते कोणी बसवलं होतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधणं सगळ्यात अवघड, कारण जुन्या रेकॉर्डवर आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत ही नावं अनेकदा छापलेलीच नाहीत. ते वादक आणि अरेंजर एकेक करून जात आहेत. घरात, गावात, ओळखीत कोणी जुने वादक असतील, तर त्यांनी कोणत्या गाण्यात काय वाजवलं, हे आताच विचारून लिहून ठेवायला हवं.