परतीची वेळ

हल्ली डोंगरात पळण्याची टूम निघाली आहे. 'ट्रेल रन' म्हणतात तिला. टूम चांगली आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर "मास्तरांना तरुणांचं काही बघवत नाही" असं म्हणायला काही मंडळी टपलेलीच असतात. सत्तरी ओलांडली तरी मी रोज टेकडी चढतो. तेव्हा माझं भांडण पळण्याशी नाही. भांडण आहे ते "एकदा निघालो की पुरं करायचंच" या वाक्याशी. भिंतीवर लावायला ते ठीक आहे, डोंगरात ते माणूस मारतं.

ओळखीच्या काही मुलांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात पळायचा बेत आखला आणि कागद मला दाखवायला आणला. शर्टाचा रंग, फोटो कुठे काढायचे, मिसळ कुठे खायची, सगळं लिहिलेलं. अंतर २० किलोमीटर, वेळ दोन तास! का, तर रस्त्यावर तेवढ्याच वेळात होतं. मग एकूण ९०० मीटर चढ आहे, तो कोणाच्या खात्यात मांडला?

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगून ठेवला आहे. चालणाऱ्याने ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे या मुलांचे झाले साडेपाच तास. मुलं म्हणाली, "पण आम्ही पळणार आहोत, चालणार नाही." मी म्हटलं, बाबांनो, पाय मुरगळला की सगळेच चालतात, आणि नेस्मिथच्याही निम्म्या वेगाने. बेत आखायचा तो या लंगडणाऱ्या गड्याच्या हिशेबाने, सगळ्यात पुढे पळणाऱ्याच्या नव्हे. पाणी, खाणं, विजेरी सगळं त्याच्याच हिशेबाने. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि अचानक चढणारे ओढे, मार्चनंतर कोरडे पडलेले ओढे, हेही त्यातच धरायचं.

आता राष्ट्रीय उद्यानाचं. आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही, याचा अनेकांना राग येतो. "जंगल काय वनखात्याच्या मालकीचं आहे का?" नाही, पण तुमच्याही मालकीचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो धावपटूंना छळण्यासाठी नव्हे. तिथे बिबटे राहतात, आणि त्यांची वर्दळ मुख्यतः संध्याकाळ ते पहाट अशी असते. बिबट्या समोर आला तर पळू नये, हे पहिलं शिक्षण. अशा ठिकाणी अंधारात, कानात गाणी घालून पळत सुटणं याला मी धाडस म्हणत नाही. आणि कोणी चुकला तर रात्री शोधायला कोण जातं? वनरक्षक जातो, पाड्यावरचा आदिवासी जातो. हौस तुमची आणि रात्र त्यांची, हा कुठला न्याय?

"अनुभवी लोकांना हे सांगायची गरज नाही" असंही ऐकतो. चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ जण धावले. उंचावर गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ जण गारठून मेले. त्यांत देशातले नामांकित धावपटू होते. वारा अडवणारं जाकीट जवळ असलंच पाहिजे असा नियम नव्हता, आणि अंग हलकं ठेवण्याकडे धावणाऱ्याचा कल असतोच. सहा जणांना वाचवलं ते एका मेंढपाळाने, गुहेत शेकोटी पेटवून. त्याच्याकडे पदक नव्हतं. आडोसा कधी धरायचा, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्या कागदावर परतीची वेळ नाही, तो बेतच नव्हे. फाटकाबाहेर किती वाजता असायला हवं ते आधी लिहा आणि तिथून उलटं मोजत या. मग ठरवा, की अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही, तर तिथूनच मागे. मागचा रस्ता लांबचा असेल, तर परवानगीतली जवळची वाट आधीच ठरवलेली हवी. हे घरी, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना ठरवायचं. दमलेला माणूस "आता थोडंच राहिलंय" असंच म्हणतो, आणि चार जणांत असला तर हमखास म्हणतो, कारण आधी मागे फिरायची लाज वाटते. वेळ लिहिलेली असली की कोणाला कमीपणा येत नाही. निर्णय घड्याळ घेतं.

"मग घरीच बसू का?" असं विचारणाऱ्यांना उत्तर सोपं आहे. जा, जरूर जा. डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. तुम्हीही असावं, एवढीच अपेक्षा.