नव्या हाडाचे धनी कोण?

मूळपेशींपासून जबड्याचे हाड पुन्हा घडविणे ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही. फिनलंडमधील शल्यचिकित्सकांनी एका ६५ वर्षांच्या रुग्णाच्या वरच्या जबड्याचे हाड त्याच्याच चरबीतील मूळपेशींपासून तयार केले. टायटॅनियमच्या साच्यात घालून ते त्याच्या पोटाच्या स्नायूत ८ महिने वाढविले आणि मग तोंडात बसविले. २००९ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या झेपेचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो या हाडाच्या मालकीचा.

आपल्याकडे जबडा गमावतो कोण? दसरा सरला की पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या परिसरातून कोयता घेऊन साखरपट्ट्यात उतरणारी माणसे डोळ्यांसमोर आणावीत. पहाटेच्या थंडीत फड गाठावयाचा, भूक मारण्यासाठी गालात तंबाखूची चिमूट ठेवावयाची. बायांच्या हिरड्यांवर मिश्री. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करताना आढळले. गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते ते कोणत्याही टपरीवर पाहावे. कर्करोगाने खालचा जबडा कापावा लागल्यास नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून बसविण्याची शस्त्रक्रिया १९८९ पासून जगाला ठाऊक आहे. परंतु ती करणारे हात मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटलेले, आणि मुकादमाची उचल डोक्यावर असलेला मजूर तेथे किती दिवस पडून राहणार?

या पोकळीत बाजार शिरतो. दुधाच्या दातांतील पेशी पैसे घेऊन साठविण्याचा धंदा निघाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेच्या रक्ताखेरीज अशी व्यापारी साठवणूक अमान्य केली. रक्तविकारांवरील प्रस्थापित उपचार सोडता मूळपेशींचा वापर मंजूर चाचणीतच व्हावा, असेही बजावले. जाहिरातीत यातले अक्षरही नसते.

वनौषधींची गोष्ट थोडी निराळी. बांधावरची कांडवेल, जिला हाडसांधी म्हणतात, हाड घडविणाऱ्या पेशींना चालना देते असे प्रयोगशाळांत दिसले आहे. मोडलेल्या जबड्यांवर लहानशा चाचण्याही झाल्या आहेत. कापलेला जबडा मात्र तिच्या लेपाने उगवत नाही. (असे सांगणारा वैदू आणि चकचकीत दवाखाना यांत आम्हांस फरक दिसत नाही.) उद्या तिच्या अर्काचा खरोखर उपयोग सिद्ध झाला, तर पेटंट कोणाचे? जखमेवरील हळदीवर अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झगडून १९९७ साली रद्द करविले, हे विसरून चालणार नाही.

म्हणून मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे संशोधन सार्वजनिक पैशाने व्हावे आणि त्याचे हक्क सार्वजनिकच राहावेत, अशी मागणी पक्षाने विधिमंडळात लावून धरावी. तोवर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करावी: टोळ्या गाव सोडण्यापूर्वी, उचल वाटली जाते त्याच आठवड्यात, प्रत्येक मजुराचे तोंड उघडून गालातील चट्टे तपासले जावेत.