गंज खरवडणाऱ्यांनो, हात आवरा

जुनी जपानी तलवार स्वस्तात मिळाली की आधी माणसाची अक्कल गहाण पडते आणि मग हात चालू लागतात. मूठ काढायची, आतल्या गंजलेल्या पोलादावर पॉलिश पेपर चालवायचा, कोरलेलं नाव लखलखीत करायचं आणि मग जाणकारांना गाठून विचारायचं: ही कोणाची, किती जुनी, किती पैसे येतील? तिन्ही प्रश्नांची उत्तरं या माणसाने नुकतीच खरवडून केरात टाकलेली असतात. मला या प्रकाराची चीड येते आणि ती मऊ शब्दांत गुंडाळायची माझी तयारी नाही.

मुठीत दडलेल्या या भागाला जपानी लोक नाकागो म्हणतात. पात्याला शिकलगार वेळोवेळी नवी झिलई देतो, नाकागोला मात्र तो शिवत नाही. लोहाराने त्यावर कानशीचे शेवटचे फटकारे मारले, छिन्नीने नाव कोरलं, की पुढचं काम काळाचं. शतकांचा गंज काळपट तपकिरी, घट्ट आणि बोटाला गुळगुळीत लागतो. कालपरवाचा गंज लालसर असतो, बोटाला त्याची भुकटी लागते. त्याहून मोठा पुरावा अक्षरांच्या आत असतो. छिन्नी चालली की खाचेच्या काठावर धातू किंचित वर येतो. जुन्या कोरीव नावात हा काठ झिजून मऊ झालेला असतो आणि खाचेच्या तळाशीही आजूबाजूसारखाच गंज असतो. खोटं नाव मागाहून घातलं असेल, तर नवी खाच जुना गंज कापत गेलेली दिसते. साध्या भिंगाखाली हे सगळं दिसतं. गंज गेला की मग कोणाच्या बापालाही ते सांगता येत नाही.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी अशीच एक तलवार माझ्यापुढे ठेवली. कुणाच्या तरी घरातलं जुनं सामान विकायला निघालं होतं, तिथून किरकोळ पैशांत उचललेली. नाकागो पळीसारखा चकाकत होता. त्यावर नाव होतं नागासोने कोतेत्सु. "अहो, साफ केल्याशिवाय नाव वाचणार कसं?" हा त्यांचा बचाव. वाचायला तिरका उजेड पुरतो. खाचेत थोडी टाल्कम पावडर भरली की अक्षर न अक्षर उठून दिसतं आणि नंतर ती फडक्याने पुसता येते. पॉलिश पेपर हा वाचनाचा मार्ग नाही, तो पुरावा नष्ट करण्याचा मार्ग आहे.

आणि नाव तरी कोणतं, तर कोतेत्सु! सतराव्या शतकातला हा लोहार आधी चिलखतं घडवायचा, मग एदो शहरात तलवारी घडवू लागला आणि इतका गाजला की त्याच्या खोट्या नावाचा सुळसुळाट झाला. कोतेत्सुचं नाव दिसलं की ते खोटंच समजून चालावं, असं जपानी जाणकार पूर्वापार बजावत आले आहेत. उलट कामाकुराच्या मासामुने या लोहाराने फार थोड्या पात्यांवर नाव घातलं. शिवाय जुन्या लांब पात्यांना पुढच्या काळात नाकागोच्या बाजूने कापून आखूड केलं गेलं, तेव्हा कितीतरी नावं कापलेल्या तुकड्याबरोबर गेली. म्हणून नाव सर्वांत शेवटी वाचायचं असतं. आधी पात्याचा बाक बघा. मुठीजवळ खोल वाकलेलं कामाकुरा काळातलं पातं आणि १६६०च्या दशकातलं जवळजवळ सरळ पातं यांची गल्लत सरावलेल्या डोळ्याला होत नाही. मग पोलादाच्या घड्यांचा पोत बघा, मग धारेलगतची पाणी दिल्याची रेषा. पाण्यात विझवलेल्या पात्यात त्या रेषेवर उजेडात बारीक चमकते कण दिसतात. आम्लाने रंगवलेली नकली रेषा पात्याच्या अंगावर नुसती पसरलेली असते, तिच्यात कण नसतात. ज्याला हे बघायचं नाही, त्याने आपल्याकडे कोतेत्सु आहे असं सांगत फिरू नये.

दुसरी जात विक्रेत्यांची. १९३५ साली जपानी लष्कराने खालच्या हुद्द्यांसाठी यंत्रावर तलवारी काढायला सुरुवात केली. पात्यावर ठोकलेला क्रमांक आणि पुढच्या काळात ॲल्युमिनियमची ओतीव मूठ, ही त्यांची खूण. युद्धाच्या इतिहासात अशा तलवारीचं स्थान आहे, पण तिला सामुराईची म्हणून विकणारा माणूस सरळ लबाड आहे. अधिकाऱ्यांनी घेतलेल्या कित्येक तलवारी कारखानी पोलादाच्या आणि तेलात विझवलेल्या. उलटंही खरं आहे आणि ते विसरणारे तितकेच दोषी आहेत: काही अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं पातं लष्करी म्यानात घालून आघाडीवर नेलं होतं. १९४५मध्ये माउंटबॅटनने आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांना जाहीरपणे तलवारी खाली ठेवायला लावल्या, तेव्हा दोन्ही प्रकार एकाच ढिगात आले आणि विजेत्या फौजांबरोबर जगभर पांगले. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण याच जपानी सैन्याशी झुंजली होती. त्या पिढीतल्या कुणा फौजीच्या घरी असं पातं असेल, तर खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण मूठ उघडून चिंच आणि राख लावू नका.

मग येतो कागद. जपानमध्ये तलवारीबरोबर नोंदणीचा कागद असतो. त्यावर लांबी, बाक, नाकागोवरची अक्षरं टिपलेली असतात. नाव खरं आहे असं तो कागद कुठेही म्हणत नाही. तरीही विक्रेते तो अस्सलपणाचा दाखला म्हणून नाचवतात आणि जपानी लिपी न येणारं गिऱ्हाईक माना डोलावतं. अस्सलपणाचा निर्णय देणारी संस्था वेगळी. १९४८मध्ये स्थापन झालेली कलात्मक जपानी तलवारींच्या जतनाची ही संस्था पातं हातात घेऊन परीक्षा करते आणि नाव खोटं ठरलं तर दाखला नाकारते. पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडे मूठ काढलेल्या नाकागोच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. तो टाळाटाळ करू लागला तर सौदा तिथेच सोडा.

लंडनच्या त्या गृहस्थांनी जाताना शेवटचा प्रश्न टाकला: रसायनं लावून गंज परत आणून देणारे लोक असतात म्हणे, त्यांच्याकडे जाऊ का? असतात. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की आतापर्यंत तुम्ही एक जुनी वस्तू बिघडवली आहे, त्या माणसाकडे गेलात तर बनावट वस्तू तयार कराल, आणि उद्या ती विकलीत तर फसवणूक.