बसते, पण चालते का? जुन्या गिअरबॉक्सवरून इतिहासलेखनाविषयी काही

१/ आजचा धागा अमेरिकेतील जुन्या बागकामाच्या ट्रॅक्टरांविषयी आहे. घरामागची एक-दोन एकर जमीन नांगरणारी, गवत कापणारी, हिवाळ्यात बर्फ लोटणारी ही छोटी यंत्रे. त्यांच्या गिअरबॉक्सच्या निमित्ताने एक मत मांडतो : सुट्या भागांच्या अदलाबदलीचा इतिहास आपण कारखानदाराच्या बाजूने लिहितो, तो दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने लिहिला पाहिजे.

२/ प्रचलित कथा एली व्हिटनीपासून सुरू होते. १७९८ मध्ये त्याने अमेरिकी सरकारला १०,००० बंदुका पुरवण्याचा करार केला आणि १८०१ मध्ये वॉशिंग्टन येथे मान्यवरांसमोर सुट्या भागांचे प्रात्यक्षिक दाखवले. पाठ्यपुस्तकांनी त्याला या पद्धतीचा जनक ठरवून टाकले.

३/ १९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने ही दंतकथा तपासली. व्हिटनीच्या उपलब्ध बंदुकांचे भाग एकमेकींत बसत नाहीत, असे त्याने दाखवले. ही कसोटी पुढे पार केली ती जॉन हॉलच्या रायफलीने. १८३४ च्या सुमारास हार्पर्स फेरी येथे बनलेले तिचे भाग आणि दूर कनेक्टिकटमध्ये सिमिअन नॉर्थने बनवलेले भाग परस्परांत चालू लागले. प्रात्यक्षिक कारखानदाराचे असते. कसोटी वापरणाऱ्याची असते.

४/ आता ट्रॅक्टरकडे वळू. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा पहिला 'कब कॅडेट' १९६१ ते १९६३ या काळात केंटकीतील लुइव्हिल येथे बनला. इंजिन कोलरचे, एका सिलिंडरचे, ७ अश्वशक्तीचे. गिअरबॉक्सची रचना मात्र त्याच कंपनीच्या थोरल्या 'फार्मॉल कब' ट्रॅक्टरवर आधारलेली. आजही जुनी यंत्रे सांभाळणारे लोक विचारतात : याचा गिअरबॉक्स त्याला बसेल का?

५/ 'बसेल का' या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला मापांचा : बोल्टची भोके जुळतात का, शाफ्टची जाडी आणि त्यावरील खाचांची संख्या तीच आहे का. दुसरा गुणोत्तराचा : इंजिनाच्या किती फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. पहिल्याचे उत्तर डोळ्यांना दिसते. दुसऱ्यासाठी दाते मोजावे लागतात.

६/ गणित सोपे आहे. पट्ट्याच्या पुलीचे, गिअरबॉक्सचे आणि मागच्या आसाचे गुणोत्तर यांचा गुणाकार म्हणजे एकूण गुणोत्तर. ते ६० आहे असे समजू. इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल, तर चाक ६० फेरे घेईल. २३ इंची चाकाचा एक फेरा सुमारे १.८३ मीटरचा, म्हणजे ताशी साधारण ६.६ किलोमीटर.

७/ फार्मॉल कबचे चार सिलिंडरचे इंजिन याच्या जवळपास निम्म्या वेगाने फिरे. चाक तेवढेच धरले, तर तोच ६.६ चा वेग गाठायला त्याला एकूण गुणोत्तर ३० पुरेसे. पण ही ३० ची मांडणी जशीच्या तशी ३६०० फेऱ्यांच्या इंजिनामागे बसवली, तर वेग ताशी १३ किलोमीटरवर जातो आणि ६० च्या मांडणीच्या तुलनेत चाकाला मिळणारी ओढ निम्मी होते. सगळे बोल्ट जुळले, तरी नांगर चालत नाही. म्हणूनच पहिल्या कब कॅडेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पट्टा व पुल्या आल्या.

८/ इथे साधनचिकित्सेचा मुद्दा येतो. कंपनीची सुट्या भागांची पुस्तिका हे माझ्या मते अस्सल ऐतिहासिक साधन आहे. दोन मॉडेलांच्या पुस्तिकांत एका दात्यांच्या चाकाचा क्रमांक तोच असेल, तर अदलाबदलीचा भक्कम पुरावा मिळतो. पण क्रमांक निराळे असले म्हणून भाग निराळे ठरत नाहीत. पुरवठादार बदलला, सुटा भाग संचात विकायला घेतला, तरी क्रमांक बदलतो. पुस्तिकेचे मौन हा पुरावा नव्हे.

९/ ते मौन भरून काढले हौशी दुरुस्तीकारांनी. दोन गिअरबॉक्स शेजारी उघडायचे, दाते मोजायचे, कॅलिपर लावायचा आणि नोंद करायची. १९८१ मध्ये कब कॅडेटचा व्यवसाय एमटीडी कंपनीकडे गेला, तरी यंत्रे शेडमध्ये चालूच राहिली. कारखान्याने कधीच न छापलेले हे ज्ञान तेलकट वह्यांत उरले आहे. आपण इतिहासाचे विद्यार्थी बखरींच्या समासातील टिपा जपून वाचतो. या वह्यांना मात्र 'छंद' म्हणून बाजूला सारतो, हे मला अन्यायाचे वाटते.

१०/ कोणी म्हणेल, एवढ्याशा यंत्रासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण प्रश्न जुना असला तरी संपलेला नाही. आजच्या अनेक मोठ्या शेती-यंत्रांत बदललेला भाग मापात बसतो, बोल्टही आवळले जातात. पण विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने मान्यता देईपर्यंत यंत्र तो स्वीकारत नाही.

११/ पूर्वी 'बसते, पण चालत नाही' याचे कारण दात्यांच्या संख्येत होते. ते कोणालाही मोजता येई आणि पुली बदलून सोडवता येई. आता ते कारण कोणाच्या तरी निर्णयात आहे. याच वादातून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांना यंत्रदुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे.

१२/ म्हणून माझे म्हणणे इतकेच : अदलाबदल हा धातूचा गुण नाही, तो बनवणारा आणि वापरणारा यांच्यातील करार आहे. तो कधी, कोणी, कोणाच्या सोयीसाठी मोडला, हे सांगणे इतिहासकाराचे काम आहे. त्यासाठी दप्तरखान्याइतकेच गॅरेजही धुंडाळावे लागेल. आपल्या घरी एखाद्या जुन्या यंत्राची पुस्तिका किंवा मिस्त्रींची वही असेल, तर ती रद्दीत देण्यापूर्वी पानांची छायाचित्रे तरी काढून ठेवा.

धागा समाप्त.